पमी कोण?

आई-बाप महिनाभर डोकं खाजवून नाव ठेवतात आणि गल्ली एका दुपारीत त्याचा पार चुराडा करते. आपल्या नळवाल्याचंही तेच झालं. भारदस्त नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं आणि गल्लीत तो पम्या झाला. धंद्यात जम बसल्यावर गिऱ्हाइकं पमाशेठ म्हणू लागली, पण काम रखडलं की पुन्हा पम्याच. बायको आपली 'अहो' म्हणून मोकळी.

तर हा पमाशेठ सकाळपासून दवाखान्याच्या व्हरांड्यात येरझारा घालत होता. आईला झटका येऊन गेला होता. आता ती शुद्धीवर होती, पण ना औषध घेत होती ना पाणी. व्हरांड्यातला नळ ठिबकत होता, तो त्याने पुन्हा पुन्हा पिळून पाहिला. वायसर गेलं होतं आणि हत्यारं घरी.

नर्स बाहेर आली. "आजी 'पमी, पमी' करतायत. ती आल्याशिवाय गोळी घेणार नाही म्हणतात. मुलगी का त्यांची?"

"मला नणंदच नाही," बायको म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "अहो, ही पमी कोण?" तिचा आवाज चढला होता.

पमाशेठ पुन्हा नळ पिळायला वळला. मुलीची हौस राहिली म्हणून आईने लहानपणी त्याला फ्रॉक घालून, वेण्या घालून पमी केलं होतं. पुढे शाळेतली पोरं हसली, तेव्हा त्याने जेवणाचं ताट भिरकावलं होतं. पुन्हा पमी म्हणालीस तर घर सोडून जाईन, असं ओरडला होता. त्यानंतर तिने ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. आज आठवून त्याला स्वतःचीच चीड आली.

बाकावर त्याचे दोन कामगार बसले होते. उद्या बाजारभर बोभाटा होणार, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. तो दारापर्यंत गेला, मागे फिरला, पुन्हा गेला.

"नंबर द्या त्यांचा, आम्ही बोलावतो," नर्स वैतागली.

"मीच."

"काय मीच?"

"पमी. मीच पमी."

एक कामगार फिसकन हसला. पमाशेठने नर्सच्या हातातली गोळी घेतली, आत जाऊन आईपाशी वाकला आणि बाहेर सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "आई, मी आले गं. तोंड उघड."