पुन्हा चालव, हिरवी येते

चांदूर बाजारच्या तूर नोंदणी केंद्रावर लोकाईनं मले बदडलं, तवापासून मी निखतले ओळखतो. मी अमोल, तिथला ऑपरेटर. आमच्याकडचं नेट रांगत चालते. शेतकऱ्याचे कागद अर्धे चढले का सर्व्हर लाइन कापे. सकाळपासून उभी असलेली रांग भडकली. एकानं खुर्ची डोक्यात घातली, मंग हात पिरगाळला. हाड मोडलेलं मलेच आयकू आलं.

हात गळ्यात बांधून अमरावतीले गेलो, नोंदणीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत. ज्यानं हे बनवलं त्याचं थोबाड फोडाचं, बस!

आत आधीच जुंपली होती. निखत, अकोल्याची प्रोग्रामर, तिच्या साहेबावर, कुलदीपवर, ओरडून राहिली होती. "हळू नेटची चाचणी कधी हिरवी म्हणजे पास, कधी लाल म्हणजे नापास येते. लाल आली का तुमी म्हणता पुन्हा चालव. हिरवी आली का झालं! अहो, लालच खरी असन तर?"

"मशीनवर लोड आला का लाल येते. काढून टाक थे चाचणी!" कुलदीपनं तिचा लॅपटॉप भिंतीवर आपटला.

"अन् हा हात कोणाचा लोड हाय बे?" मी त्याच्या तोंडात एक ठेवून दिली. नाकातून रक्त आलं. लय बरं वाटलं, खोटं कायले बोलू. त्यानं माह्या मोडक्या हातावरच बुक्की हाणली. मी गुरासारखा ओरडलो.

"बस करो भाई!" निखत माह्यावरच खेकसली अन् दुसऱ्या मशीनवर बसली. चाचणी खऱ्या घड्याळावर चाले, मशीन कधी हळू कधी जोरात, म्हणून निकाल डुगडुगे. तिनं खोटं घड्याळ बसवलं, काटा आपल्या हाती ठेवला. आता दर खेपेले लाल. कागद येऊन राहिले तरी ठरलेला वेळ झाला का सर्व्हर लाइन कापत होता. तिनं थे सुधरवलं. मंग दर खेपेले हिरवी.

"निघ इथून!" कुलदीप नाक दाबून बोंबलला. "उद्यापासून येऊ नको."

"हे सर्व्हरवर चढवल्याशिवाय हालणार नाही," ती म्हणाली. चढवलं, अन् गेली.

दुसऱ्या दिवशी खुर्चीवाला पुन्हा माह्यासमोर. कागद रांगत रांगत चढले, पण चढले. पावती निघाली.

"आज नेट बरं हाय," तो हसला.

"नेट तेच हाय, लेका! ज्या पोरीनं हे नीट केलं तिची नोकरी गेली."

तो हसतच रायला. लय वाटलं, हाणाव एक कानाखाली. पण चांगला हात एकच, अन् त्यानं पुढच्या माणसाचा अंगठा मशीनवर धरला होता.