सेइबो हॉलची दोन्ही दारं

लिब्रादा मासिएल स्टेशनाच्या पुलाखाली चिपा विकते. टॅपिओकाच्या पिठाच्या, चीज घातलेल्या त्या गरम कड्या. टोपलीवर पांढरं फडकं असतं आणि गिऱ्हाइकाशी बोलताना तिची डाव्या हाताची बोटं टोपलीच्या काठावर सारखी नाचत असतात. नव्या माणसाला वाटतं, बाईला घाई झालीये. घाई कसली, बाई अकॉर्डियन वाजवत असते, अकॉर्डियन घरी असलं तरी.

लिब्रादा आणि मी कोरिएन्तेस प्रांताच्या पाणथळ मुलखातले, एकाच गावचे. कामासाठी राजधानीच्या कडेला येऊन राहिलो आणि इथलेच झालो. गावी तिच्या बापाचं बटणांचं अकॉर्डियन होतं आणि मुलीच्या जातीने त्याला हात लावायचा नाही असा त्याचा दंडक. ही गोठ्यात लपून वाजवायची. बापाला पत्ता लागला तो गाईमुळे. गाय दूध जास्त द्यायला लागली. म्हाताऱ्याने दोन दिवस विचार केला आणि मुकाट्याने पेटी गोठ्यातच ठेवून दिली. चामामे, म्हणजे आमच्या मुलखाचं नाचाचं संगीत, शिकायची अशी शाळा मी दुसरी पाहिली नाही.

लग्नं, बारशी, वाढदिवस, सगळीकडे लिब्रादा वाजवायची, शेजारी नवरा क्रिस्पीन गिटारवर. पण तिच्या मनात एकच होतं. एकदा तरी वस्तीतल्या मोठ्या नाचघरात, सेइबो हॉलमध्ये, दिव्याखाली, भरल्या गर्दीत, आपल्या मुलखाच्या माणसांसमोर वाजवायचं.

सेइबो हॉलमधले कार्यक्रम ठरवायचा सेन्योर बोनफान्ती. टायरच्या दुकानावर त्याचं ऑफिस. हा गृहस्थ वादकांना पैसे द्यायचा नाही, वादकांकडून घ्यायचा. तिकिटांचा गठ्ठा हातात द्यायचा, खपवा म्हणायचा, उरतील ती तुमच्या खिशातून. याला तो ‘संधी’ म्हणायचा. वस्तीतल्या पोरांचे बँड त्यापायी गिटारी विकून बसले होते.

लिब्रादा एकदा या संधीत सापडली होती. चिपाच्या गिऱ्हाइकांना, मेहुण्याला, दात काढणाऱ्या डॉक्टरलासुद्धा तिने तिकिटं चिकटवली. बोनफान्तीने तिला वेळ दिली संध्याकाळी पाचची. समोर कोण, तर ग्लास धुणारा एक माणूस आणि सँडविच खाणारा माइकवाला. माइकची वायरसुद्धा त्याने जोडली नव्हती. तिच्या तिकिटांवरची माणसं नऊला नटूनथटून आली, तेव्हा ही घरी शेगडीपाशी पाय शेकत होती.

मग तिच्या थोरलीचं बाळंतपण अडलं. लिब्रादाने आमच्या मुलखाची राखणदार असलेल्या इतातीच्या मातेला नवस बोलला: दोघं सुखरूप सुटू देत, तुझ्या सणाला देवळापासून तू टेकशील तिथपर्यंत मी वाजवत येईन, आणि त्या वाजवण्यासाठी एक पैसा घेणार नाही, देणार नाही. पोरगी सुटली. नातू असा धट्टाकट्टा, की सुईणीने त्याला दोन्ही हातांनी उचलला.

त्या जुलैत, म्हणजे इकडच्या ऐन हिवाळ्यात, सणाला माता बसवायची देवळाची शेड मोडलेली. बोनफान्तीने पाद्रीबाबांना गाठलं, माता सेइबोत बसवा म्हणाला, नंतर तिथेच नाच होऊ दे. पोस्टरं छापली. त्यावर मातेच्या खाली रेडिओवरचा, आमच्याच मुलखाचा फाउस्तो इबार्रा, गुडघ्यावर अकॉर्डियन घेऊन. लिब्रादा ऑफिसात गेली आणि म्हणाली, मिरवणूक मी घेऊन येते, नवस आहे.

“आणा की,” बोनफान्ती म्हणाला. “पण दारापर्यंत. स्टेजवर यायचं तर इतरांसारखा गठ्ठा उचला. नवस तुमचा, बाई, स्टेज माझं.”

“तुमचंच आहे, सेन्योर. मी काय ते डोक्यावर घेऊन जाणार आहे?”

घरी क्रिस्पीनने सुचवलं, घेऊ या गठ्ठा, मेहुण्याला खपवू. लिब्रादा म्हणाली, मेहुणा मला बघून रस्ता ओलांडतो हल्ली. आणि पैसे भरून नवस फेडला तर माता म्हणेल, मग नातू बोनफान्तीकडूनच घ्यायचा होतास.

बोनफान्ती बंदरावरचा, राजधानीतच वाढलेला माणूस. धंद्यातलं त्याला सगळं कळत होतं, आमच्यातलं काहीच नाही. आमच्यात मातेपुढे ज्याने सूर धरला, त्यानेच तो माता आसनावर टेकून पहिला नाच होईपर्यंत धरायचा. मध्ये थांबायचं नाही, मध्ये दुसऱ्याने घ्यायचं नाही. आणि माता दाराशी आली, की तिच्या आधी कोणी आत पाऊल टाकत नाही, खिशात तिकीट असो नाहीतर नसो.

सणाच्या संध्याकाळी थंडी अशी, की तोंडातून वाफा निघत होत्या. लिब्रादा निळा झगा घालून पुढे, शेजारी क्रिस्पीन, मागे चौघांच्या खांद्यावर मातेचा चौरंग, त्यामागे अख्खी वस्ती. वाजवत वाजवत सेइबोशी आलो तर दाराची एक फळी बंद, दुसरीच्या तोंडाशी टेबल, टेबलावर गल्ल्याची पेटी, आणि मागे सेनोन नावाचा पहिलवान. एकेक माणूस आत घ्यायची व्यवस्था. चौरंग जाणार कसा?

सेनोनने डोकं खाजवलं. म्हणाला, नुसती मूर्ती काढून माझ्या हातात द्या, मी नेतो आत. पार्सलच जणू. आमच्या बायकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा स्वतःहून दोन पावलं मागे सरला. वाजवणाऱ्या बाईंनी बाहेरच थांबायचंय, हे मात्र तो बोलून गेला.

लिब्रादा थांबली, तिथेच, दारात. हात थांबले नाहीत. चाल संपली की पुन्हा पहिल्यापासून. आतून इबार्राच्या मंडळींनी सुरुवात केली होती. आधी त्यांची गिटार गप्प झाली, मग बाकीचे. रिकाम्या खुर्च्यांना किती वेळ वाजवणार?

बोनफान्ती बाहेर आला. तिकिटं घेतलेली माणसंसुद्धा रस्त्यावर उभी पाहून त्याचा चेहरा उतरला. बाई, जरा थांबवा, बोलू या, म्हणाला. ती वाजवत राहिली. पुढच्या वेळी गठ्ठ्याची सक्ती नाही, म्हणाला. ती वाजवत राहिली. पाचची नको तर सातची वेळ घ्या, म्हणाला. तिने अकॉर्डियनवरून नुसती मान वर केली.

“दोन्ही दारं,” ती म्हणाली. “आणि ते टेबल.”

तेवढ्यात इबार्रा स्वतः बाहेर आला. त्याने टोपी काढली, मातेपुढे गुडघा टेकला आणि उठून लिब्रादाच्या शेजारी उभा राहिला. बोनफान्ती त्याला म्हणाला, तुम्ही तरी आत जा, तुमच्याशी करार आहे.

“आई बाहेर थंडीत उभी आणि मी आत वाजवू?” इबार्रा म्हणाला. “गावात मला कोणी पाणी पाजणार नाही, सेन्योर.”

टेबल सेनोननेच उचललं, गल्ल्यासकट. दुसऱ्या फळीची कडी गंजून बसली होती, ती एकाने विटेने ठोकून काढली. दारं भिंतीला जाऊन आपटली आणि लिब्रादा आत शिरली, मागून माता, मागून वस्ती. तिकीट कोण कुणाला विचारणार?

मातेचं आसन होतं स्टेजवर. फोटो चांगला येईल म्हणून बोनफान्तीनेच ते तिथे मांडून घेतलं होतं. आता माता जिथे, तिथे तिचा सूर. लिब्रादा पायऱ्या चढली. दिव्याखाली उभी राहिली. माइकवाल्याने या खेपेला वायर जोडलीच, वर तिच्या उंचीला माइक खाली करून दिला.

पहिला नाच सुरू झाला आणि मागच्या भिंतीपासून कुणीतरी सापुकाय दिली, ती आमची लांबलचक आरोळी, छातीतून निघून छपराला लागणारी. मग दुसऱ्या कोपऱ्यातून, मग बायकांतून. क्रिस्पीनच्या डोळ्यांना धार लागली आणि तो तारा चुकायला लागला. कुणाला कळलंसुद्धा नाही. इबार्राने टोपी हातात धरून विचारलं, “परवानगी आहे का, बाई?” तिने मान हलवली. तो तिच्या मागे स्टुलावर बसला आणि रेडिओवरचा तो एवढा मोठा माणूस दुसरा सूर धरून वाजवत राहिला.

पहिला नाच संपला. रीतीप्रमाणे नवस फिटला होता, ती खाली उतरायला मोकळी होती. बोनफान्ती स्टेजच्या कडेशी येऊन टाचा उंचावून विचारत होता, पुढच्या महिन्यात याल का, पैसे मी देईन, तुम्ही सांगाल ते.

लिब्रादाने एकदा मातेकडे पाहिलं, एकदा खचाखच भरलेल्या हॉलकडे.

“नंतर बोला,” ती म्हणाली, “आता वाजवतेय मी.” आणि तिने असा ठसकेबाज चामामे धरला, की सेनोन पहिलवान टेबल सोडून नाचायला आला.