आठ सिलिंडरची वरात

रंगमंचावर मी पुष्कळ राजे रंगवले, पण खऱ्या राजाची गाडी आमच्या बुऱ्हाणपुरात एकाकडेच होती. राजपुऱ्यातल्या गिरधरकडे; तो पूर्वी एका संस्थानात राजेसाहेबांचा ड्रायव्हर होता. देश स्वतंत्र झाला, संस्थान विलीन झालं, राजेसाहेबांनी नोकरचाकर कमी केले आणि निरोप देताना आपली अमेरिकन मोटार गिरधरला देऊन टाकली.

गाडी दिसायला साधी. दोन दारं, बेताचा बांधा. पण बॉनेट उघडलं की आत आठ सिलिंडरचं इंजिन, त्या बांध्याच्या मानाने भलतंच मोठं, आणि सगळा जोर मागच्या चाकांवर. गिरधर म्हणायचा, हिची ओळख पत्र्यात नाही. पेडल दाबलं की पाठ सीटला चिकटते, तीच हिची ओळख. बायकोला, मालूबाईला, त्याने कबूल केलं होतं की एकदा असीरगढच्या मोकळ्या रस्त्यावर तिला शेजारी बसवून गाडी पुऱ्या वेगात सोडायची.

पण पेट्रोल फार लागायचं, आणि तो खर्च फक्त लग्नवाल्यांना झेपायचा. म्हणून गिरधर वराती करू लागला. पुढे बँड, मागे फुलांनी झाकलेली गाडी, तीही पायी चालणाऱ्यांच्या वेगाने. पहाडी आवाजाच्या नटाला नाटकभर कुजबुजायला लावावं, तसं मला वाटे. इंजिन तापायचं, मग तो थांबून त्याला हळूहळू निवू द्यायचा.

मालूबाई टोमणा मारायची, "गावातल्या सगळ्या नवरदेवांच्या मावश्या बसल्या गाडीत. मीच राहिली."

तो म्हणायचा, एवढी लग्नसराई जाऊ दे.

त्या वैशाखात गावाच्या टोकाच्या लालबागला वरात पोचली तेव्हा बॉनेटमधून वाफ निघत होती. रिवाजाप्रमाणे मांडवातल्या बायकांनी चाकांवर पाणी घातलं. गिरधर नवरदेवाला उतरवत होता. तेवढ्यात नवरीच्या काकांना, सुकलालजींना, गाडीची दया आली. त्यांनी बॉनेट उचललं आणि रांजणातल्या गार पाण्याची घागर इंजिनावर रिकामी केली. टणकन आवाज झाला. तापलेल्या लोखंडाला चीर गेली होती. लग्नघर होतं; गिरधरने बॉनेट खाली केलं आणि चार माणसं लावून गाडी ढकलत घरी नेली.

तसलं इंजिन इकडे मिळेना. गाडी दारात उभी राहिली.

एका संध्याकाळी मी गेलो, तर मालूबाई नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसलेली. गाडी पळत नाही तर नाही, मी बसते तरी, असा तिने हट्ट धरला होता. गिरधर शेजारी, हात स्टिअरिंगवर.

"वरातीच्या चालीनं नेली असती, तरी मला चाललं असतं," ती म्हणाली.

मी वाकून गिरधरच्या पायाकडे पाहिलं. पेडल त्याने तळापर्यंत दाबून धरलं होतं.