वर उगवेल ते माझं

घासाघिशीत मी आयुष्यात एकदाच फसलो, आणि तेव्हा आपण जिंकलो असंच समजत होतो.

खात्यात माणसं भरणाऱ्या जॉबरशी भांडून परळच्या गिरणीतली नोकरी सोडली आणि दादरच्या मंडईबाहेर भाजीची टोपली घेऊन बसलो. घेताना भाव पाडायचा आणि विकताना चढवायचा, दोन्ही मला जमायचं. पण दुसऱ्याने पिकवलेली भाजी विकून किती वर जाणार? स्वतःचा वाफा हवा होता. माहीमला एका जुन्या घराण्याची नारळीची वाडी होती. घरामागे बरीच जागा पडून होती, सगळी रेताड. मालक सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले, स्वच्छ धोतर, मऊ बोलणं. जागा भाजीला द्या म्हटलं तर म्हणाले, "निम्मी भाजी आमची."

"निम्मी कसली मालक, या वाळूत उगवणार काय?"

ते तिसऱ्या हिश्श्यावर आले, मग चौथ्या. मी उठून चपला घातल्या, तसे म्हणाले, "अरे, बस तरी." मग मीच तोडगा काढला. "जमीन तुमची ती तुमचीच. वर उगवेल ते माझं, खाली असेल ते तुमचं. शिवाय वाडीतली झाडलोट फुकट, पालापाचोळा सगळा मी उचलीन."

ते हसले. "खाली काय आहे रे? वाळू."

"मग झालं तर!"

कितीतरी दिवस हे मी चाळीत सगळ्यांना मिटक्या मारत सांगत होतो.

वाळूत पाणी ठरत नाही. सकाळी घातलेलं पाणी दुपारी कुठे गेलं ते कळायचं नाही. म्हणून मी कुंपणालगत एक लांब चर खणला, गुडघाभर खोल. तळाला झावळ्यांचे तुकडे, कारण त्या कुजायला हट्टी. त्यावर केळीचे खुंट चिरून, आंब्याचा पाला, उपटलेलं तण, आणि मंडईत संध्याकाळी टाकून दिलेली कोबीची पानं. मध्ये मध्ये तबेल्यातल्या शेणाचा काला, वर माती. भरलेला चर आधी पोट सुटल्यासारखा फुगायचा, मग हळूहळू खाली बसायचा. बसला की त्यावर भाजी लावायची आणि शेजारी नवा चर खणायचा. असा हंगामागून हंगाम चर कुंपणाकडून घराकडे सरकत गेला.

बायको पाणी ओढायची, तण काढायची. चराच्या टोकाला तिचा लाल भोपळ्याचा वेल असे. बी तिच्या माहेरचं, मालवणकडचं. चपटा, खोल फाकांचा भोपळा, आणि पानावर चुना सांडल्यासारखे पांढरे डाग. दर वर्षी एक फळ ती वेलावर पिकू द्यायची, बिया राखेत घालून डब्यात ठेवायची. तिची आई गेल्यावर तिकडे तो वेल कोणी लावत नव्हतं.

अखेर असा दिवस आला की कुंपणापासून घरापर्यंत कुठेही फावडं मारलं तरी पांढरी वाळू दिसेना. माती काळी, मुठीत दाबली तर गोळा व्हायची, बोट लावलं की सुटायची. मालक चहाचा कप घेऊन मागच्या पडवीत आले आणि म्हणाले, "वा! जमीन आपोआप सुधारली की रे."

"आपोआप?"

"मग? पाला काय, आपोआपच कुजतो."

मी फावडं असं आपटलं की त्यांच्या कपातला चहा बशीत सांडला. तो शब्द अजून माझ्या कानात आहे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राचे. एकदा बंद, मग संचारबंदी, परळहून माहीमला जायची सोय उरली नाही. मी चाळीच्या गॅलरीत येरझारा घालत होतो आणि तिकडे भाजी वाळत होती. रस्ते मोकळे झाल्यावर गेलो तर पाण्यावाचून सगळं करपलेलं, भोपळे तडकून त्यात मुंग्या झालेल्या. बियांसाठी ठेवलेलं फळसुद्धा फुटलं होतं. संतापाच्या भरात सगळं चरात लोटलं आणि माती ओढली. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "बियाण्याचा भोपळा?"

"गेला."

डब्यातलं होतं नव्हतं ते बी तिने त्याच हंगामात पेरलं होतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत मालकांनी मागे इमारत बांधायचं ठरवलं. जागा सोड म्हणाले. त्याला माझी ना नव्हती, जागा त्यांचीच होती. मी म्हटलं, "सोडतो. पण वरची काळी माती मी नेणार. वाळू होती, वाळू ठेवून जातो."

"माती कशी नेशील? खाली असेल ते आमचं. शब्द कोणाचा?"

शब्द माझाच होता. तोंडात मारल्यासारखं झालं आणि मग माझा तोल गेला. "परवा पडवीतून मोर्चातल्या पोरांना पाणी देताना तुम्हीच सांगत होता ना, मुंबई घाम गाळणाऱ्याची म्हणून? मग ही माती कोणाची?"

"ते मुंबईचं रे," मालक शांतपणे म्हणाले, "हे आमचं परस आहे."

मग मी त्यांचं घराणं, त्यांची कचेरी, त्यांचं धोतर, काही काही सोडलं नाही. रस्त्यावर माणसं थांबली. आवाज ऐकून मालकीणबाई दारात आल्या. म्हणाल्या, "अहो, चार टोपल्या माती मागितली असती तर आम्ही नको म्हटलं असतं का?"

"मागायची? माझीच माती मी मागायची?"

"मग राहिलं," मालक म्हणाले आणि आत गेले.

पाया खणायला सुरुवात झाली तेव्हा मला राहवलं नाही, बघायला गेलो. माझी माती लॉरीत भरत होते. खाडीकडे भरावाला चालली होती. दगडविटांच्या तुकड्यांबरोबर, भरावाला! मुकादम मला मंडईतून ओळखत होता. म्हणाला, "शेठ, पाहिजे का? एक लॉरी तुमच्या चाळीमागे टाकतो. बोला, काय देता?"

झोपेतून उठवलं तरी भाव बोलणारा माणूस मी, पण तोंड उघडेना. काहीही आकडा सांगितला असता तरी ती माझी नव्हती असं कबूल केल्यासारखं झालं असतं. मुकादमाने थोडी वाट पाहिली, मग लॉरीवर थाप मारली. लॉरी गेली. एवढं होऊनही मालकांवरचा राग गेलेला नाही, तो जायचा नाही. पण त्या दिवशी बोलायला हवं होतं. निदान एक लॉरी तरी.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी काही कामाने खाडीकडे गेलो होतो. भरावावर दोन-चार झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. एका झोपडीच्या छपरावर वेल चढला होता. पानांवर पांढरे डाग पाहिले आणि मी जागीच थांबलो. छपरावर एकच भोपळा होता, चपटा, खोल फाकांचा. झोपडीतली बाई बाहेर आली.

"कोणी लावला हा?" मी विचारलं.

"लावतंय कोण इथे, काका? आपोआप आलाय."

"आपोआप काही येत नसतं!"

माझा आवाज ऐकून ती दचकली, मग हसली. "बरं बाबा, नाही येत. हवाय का तुम्हाला? न्या की, त्याचे काय पैसे घ्यायचे!"

करारात बसत होतं. वर उगवेल ते माझं. पण माझंच मला कोणी दान द्यावं, हे काही गळ्याखाली उतरेना. "नको," म्हटलं आणि तरातरा निघून आलो.

रात्री जेवताना बायकोला सांगितलं. त्या बाईने काय म्हटलं, मी काय सुनावलं, सगळं.

"घेवचो होतो," ती म्हणाली. "बियाणां तरी घराक इलां असतां."

सकाळी मंडईत न जाता मी थेट खाडीवर गेलो. छपरावर नुसता वेल होता. बाईने भोपळा आदल्या संध्याकाळीच चिरून शेजारपाजारी वाटला होता. "गोड होता हो," ती म्हणाली, "काल नेला असतात तर."

मी विचारलं, "बिया कुठे टाकल्या?"

तिने खाडीच्या पाण्याकडे हात केला.