बुबुळाचा नकाशा आणि शनिवारचं तेल

माझ्या उजव्या डोळ्याचं बुबुळ दर वर्षी थोडं थोडं पुढे येतंय. असंच चाललं तर पुढच्या दिवाळीला ते आधी दारात पोचेल आणि मागून मी. डॉक्टरीणबाई याला केराटोकोनस म्हणतात. डोळ्यावरची पारदर्शक काच, म्हणजे कॉर्निया, पातळ होत होत टोकदार होते. वाढ वेळेत सापडली तर थेंब घालून, वर जांभळा प्रकाश सोडून ती घट्ट करता येते. फार उशीर झाला तर दुसऱ्या कुणाचा तरी कॉर्निया शिवून घ्यावा लागतो. म्हणून दर सहा महिन्यांनी यंत्राच्या दांडीवर हनुवटी टेकवायची आणि बुबुळाचा नकाशा काढून घ्यायचा.

खरी शिक्षा त्याच्या आधीची. कडक लेन्सखाली बुबुळ दाबलेलं असतं आणि यंत्राशी खोटं बोलतं. म्हणून दोन आठवडे लेन्स डबीत. माझं काम ओरगडमच्या कारखान्यात नव्या गाड्यांच्या रंगावरचे ओरखडे शोधण्याचं. त्या दोन आठवड्यांत मला ओरखडा सोडा, गाडीच दिसत नाही. गेल्या खेपेला मी दुसऱ्याच कंपनीच्या बसमध्ये चढलो, ट्रकच्या कारखान्यात उतरलो, त्यांच्या मीटिंगला बसलो, दोन सूचना केल्या आणि टाळ्या घेऊन परत आलो. बायको म्हणते, टाळ्यांचं खोटं आहे. बसचं खोटं आहे असं मात्र ती म्हणत नाही.

तर या खेपेला उजव्या डोळ्यापुढे एका दिव्याचे सात दिवे झाले होते. आधी पाचच व्हायचे. दोन आठवडे भिंती चाचपडत काढले आणि तपासणीचा शनिवार उजाडला.

मी मूळचा साताऱ्याचा; सासुरवाडी तंजावरी मराठी, तीनशे वर्षं इकडे तमिळ मुलखात मुरलेली. तिरुवल्लिकेणीतल्या या घरात बायका शुक्रवारी आणि पुरुष शनिवारी तेल लावून न्हातात. पृथ्वी फिरायची थांबेल, हे थांबणार नाही. अंघोळीआधी मी खुर्चीत बसलो होतो, तेवढ्यात सासूबाईंची धूसर आकृती समोर आली. हातात काहीतरी होतं. डोळ्यांचा कोरडेपणा जावा म्हणून डॉक्टरीणबाईंनी दिलेले थेंब बायको रोज याच वेळी घालते. आज आईला धाडलं असेल असं समजून मी मान मागे टाकली.

"डोळ्यास सूडू जाह्लंय, माप्पिळ्ळै," त्या मायेने म्हणाल्या. सूडू म्हणजे उष्णता आणि माप्पिळ्ळै म्हणजे मी, जावई.

आणि दोन्ही डोळ्यांत कोमट तिळाचं तेल.

पुढचं विचारू नका. मी केलेल्या आवाजाने मरीना किनाऱ्यावरचे कावळे थेट श्रीलंकेला गेले. पाण्याने धू धू धुतलं आणि तसाच तपासणीला पोचलो. यंत्र चालवणारी मुलगी चार वेळा माझी हनुवटी टेकवून चार वेळा पुटपुटली. मग तिने विचारलं, डोळ्यात काय घातलंत? मी सांगितल्यावर तिला आश्चर्यही वाटलं नाही. शनिवारी असे दोन-तीन येतातच, म्हणाली. तेलाच्या पापुद्र्यावरून काढलेला नकाशा डॉक्टरीणबाईंनी बघायलाही नकार दिला आणि यंत्राची पुढची वेळ मिळाली आणखी दोन आठवड्यांनी. तोवर लेन्स डबीतच. सुपरवायझरने मला गेटपास मोजायला बसवलं. तेही मी बोटांनी चाचपून मोजले. रोज मनात एकच: या दोन आठवड्यांत टोक किती पुढे सरकलं असेल? ते मोजायला पुन्हा तेच यंत्र.

अखेर स्वच्छ नकाशा निघाला. मधोमध लाल डाग, म्हणजे पुढे आलेलं टोक, मागच्या वेळेपेक्षा मोठा. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "वाढलंय. पण अजून वेळ गेलेली नाही. या महिन्यातच जांभळा प्रकाश देऊन टाकू." सुटल्यासारखं वाटलं आणि रागही आला. तो कुणावर काढायचा तेच कळेना. त्यांनी पुढचं बजावलं: नंतर काही आठवडे डोळ्यात पाणी नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, तेलाचं तर नावच नाही.

घरी येऊन मी हे सासूबाईंना जमेल तितक्या कडक आवाजात ऐकवलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. त्या मला थेट उत्तर द्यायच्या नाहीत, जावयाचा मान असतो; म्हणून वळून मुलीला म्हणाल्या, "बरं. मग तळपायास लाव. डोळे तिथूनही थंड होतात."

ऑपरेशन शनिवारी ठरलं. सकाळपासून मी मोजे घालून बसलोय.