हेलियम वर जातो

गळती शोधणाऱ्या यंत्राचा काटा उडाला तसे देवराव ओरडले, "पाहा सायेब! वेल्डिंगच गळून राहिलं. मी म्हनतच होतो!"

हेलियमची नळी त्यांच्याच हातात होती. माझ्या हातून ती त्यांनी कधी ओढून घेतली, मला कळलंही नाही. समोर त्यांच्या हिंगणा रोडवरच्या वर्कशॉपातली पुरुषभर उंचीची स्टीलची टाकी. तिच्या बुडाची शिवण ज्याने जोडली तो वेल्डर नामदेव शेजारीच उभा होता. त्याने हातमोजे काढून बाकावर ठेवले.

मी व्हॅक्यूम यंत्रांचा सर्व्हिस इंजिनियर. ऐंशीच्या दशकात नागपूरचं काम माझ्याकडे होतं. ही टाकी मोटारींच्या दिव्यांच्या आरशांवर अ‍ॅल्युमिनियमचा थर चढवण्यासाठी होती. त्यासाठी आतली हवा पंपाने काढून टाकावी लागते, यालाच व्हॅक्यूम म्हणायचं. पण तो टिकेना. कुठूनतरी हवा आत शिरत होती, आणि भोक डोळ्यांना दिसण्यातलं नव्हतं.

देवराव आणि नामदेव मौद्याकडच्या एकाच गावचे. वर्कशॉप काढलं तेव्हा दोघंच होते. आता टाकीपायी अबोला धरलेला, आणि मधला टेलिफोन मी.

"त्याले विचारा, शिवण घाईत मारली का म्हना."

"त्यायले सांगा, माह्या कामावर भरोसा नसन तर मी भिलाईले जातो. मेहुणा कवाचा बलावून राहिला."

भिलाईचं नाव निघालं तसा देवरावांचा चेहरा उतरला. वेल्डर दुसराही मिळाला असता. पण दुपारचा डबा ते दुसऱ्या कोणासोबत खाणार होते? मला त्या दोघांचा राग येत होता आणि मायाही वाटत होती.

मी नळी परत घेतली. "देवराव, इतक्यात निकाल देऊ नका. हा हेलियम आहे."

"मंग?"

मग मी त्यांना समजावलं. हेलियमच्या अणूत दोनच इलेक्ट्रॉन असतात आणि तेवढ्यावर त्याचं घर भरतं. म्हणून तो कोणाशी जोडी करत नाही, जळत नाही, धातूला चिकटत नाही. हवेतले ऑक्सिजन-नायट्रोजन जोडीजोडीने हिंडतात, हा एकटा. त्यात अगदी लहान. मुंगीला शिरता येणार नाही अशा फटीतून तो सहज जातो. हवेत तो जवळजवळ नसतोच, त्यामुळे आमचं यंत्र बाकी सगळ्यांकडे दुर्लक्ष करून फक्त त्यालाच ओळखतं. टाकी यंत्राला जोडायची, बाहेरून हेलियम फवारायचा. तो आत ओढला गेला की काटा उडतो.

"पण तो हवेपेक्षा फार हलका," मी म्हणालो. "तुम्ही खाली फवारलात तरी तो सरळ वर जातो. भोक वर असलं तरी काटा उडणारच. म्हणून सुरुवात नेहमी वरून करायची."

दारं उघडून शेडमधला हेलियम जाऊ दिला. काटा खाली बसला. मग मी स्टुलावर चढलो आणि झाकणाच्या कडेने हळूहळू नळी फिरवली. अर्ध्या वाटेवर काटा असा उडाला, की नामदेव पहिल्यांदा पुढे सरकला.

वर चढणारा हेलियम तिथून शिरू नये म्हणून त्या जागेवर ओला फडका दाबून धरला आणि खालच्या शिवणीवर फवारलं. काटा ढिम्म.

आता झाकण उघडलं. रबरी गॅस्केटवर, म्हणजे झाकण आणि टाकीमधल्या कड्यावर, लाल नाड्याचा एक तंतू आडवा पडला होता. हवेला आत जायला तेवढी वाट पुरली.

"हा कुठून आला?" मी विचारलं.

देवराव कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले. "दसऱ्याचा हाय. पूजा मीच केली. झाकण उघडं होतं, नाडा तवाच बांधला."

तंतू काढला, गॅस्केट पुसलं, झाकण आवळलं. पंप चालू केला. यावेळी वर-खाली सगळीकडे फवारलं तरी काटा हलला नाही.

"सायेब, त्याले सांगा..."

"माझं काम गळती शोधायचं. ते झालं," मी म्हणालो.

देवराव नामदेवकडे वळले. "नामा, माहंच चुकलं गा. तू नको जाऊ."

"जातो कोन?" नामदेव म्हणाला. "त्या मेहुण्याजवळ चार दिवस तरी कोन राहीन!"

देवराव हसायला लागले आणि हसता हसता डोळे पुसू लागले. मी वळून नळी गुंडाळत बसलो.

त्यानंतर कोणत्याही कारखान्यात यंत्र जोडण्याआधी मी एक प्रश्न विचारू लागलो: पूजा झाकण लावण्याआधी केली, की नंतर?