नातीच्या गावची मॅच

आमच्या घरात सकाळी साडेसहाला पूर्वी रेडिओवर भक्तिगीतं लागायची. हल्ली त्या वेळेला दाराच्या चौकटीत मावणार नाहीत असे उंच बाप्ये घामाघूम होऊन धावत असतात. बास्केटबॉल. तोही अमेरिकेतला. तिकडे रात्र पडलेली, सामना रंगात आलेला, आणि इकडे मी टीव्हीसमोर चहाचा कप घेऊन, गुडघ्याला तेल चोळत. पडवीत पेपर वाचणारे माझे यजमान मधूनच विचारतात, "कोण हरतंय?" क्रिकेट सोडून बाकी खेळांना हे खेळ मानत नाहीत, पण चौकशी मात्र करायची.

यासाठी मी वर्गणी भरते. आमच्या पिढीला वर्गणी म्हणजे वाचनालयाची, नाहीतर गणपतीची. शेजारणीला सांगितलं तर ती म्हणाली, "पैसे देऊन दुसऱ्यांना धावताना बघायचं? त्यापेक्षा तुम्हीच धावा की थोड्या, वैनी. गुडघे तरी मोकळे होतील."

तसा बास्केटबॉल मला अगदीच परका नाही. कॉलेजात असताना मी संघात होते. कशी होते ते सांगण्यासारखं नाही, म्हणूनच सांगते.

मी उंच होते. माझी पात्रता तेवढीच. लाल मातीचं मैदान, दोन लोखंडी खांब, आणि त्यांच्यामध्ये मी. तेव्हाची मी म्हणजे एक नमुनाच होता. दोन वेण्या, पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि आपण जिथून जातो तिथली माणसं कामधाम सोडून आपल्याकडेच बघत राहतात अशी पक्की खात्री. सर खेळाच्या सूचना द्यायचे तेव्हा मी रिबिनीचं फूल नीट बसवत असायची. त्यामुळे मध्यंतरानंतर दोन्ही संघ बाजू बदलतात, ही बारीकशी गोष्ट माझ्या कानापर्यंत आलीच नाही.

चिपळूणच्या कॉलेजशी सामना होता. उत्तरार्धात चेंडू माझ्या हातात आला. समोर अडवायला कुणी नाही. मला त्याचंही नवल वाटलं नाही हो! वाटलं, घाबरल्या सगळ्या. नेम धरून टाकला तो थेट जाळीत. आयुष्यातली पहिली आणि शेवटची बास्केट. मी दोन्ही हात वर करून अख्ख्या मैदानाला फेरी मारली. टाळ्याही कडकडून झाल्या. त्या सगळ्या चिपळूणकरांच्या होत्या, हे मला आमच्या सरांचं तोंड बघितल्यावर कळलं. त्यात सगळ्यांत जोरात टाळ्या पिटणारा एक चष्मेवाला होता. पुढे त्याच्याशीच माझं लग्न झालं. हे अजून मला चिडवतात, "ही आमच्या बाजूची आहे हे मी तेव्हाच ओळखलं होतं."

हा किस्सा मी घरात पुढच्या पिढीपर्यंत पोचू दिला नव्हता. नातीला तर त्याचा वाराही लागू दिला नव्हता.

नात तेरा वर्षांची. माझा मुलगा आणि सून तिकडे नोकरीला. पूर्वी होते त्या शहरात मराठी कुटुंबं होती, तिच्या मैत्रिणी होत्या. गेल्या वर्षी मुलाची नोकरी बदलली आणि ते एका थंड, अनोळखी शहरात राहायला गेले. तेव्हापासून पोरीचं बोलणं आटलं. पूर्वी रविवारी फोन केला की पहाटे पडलेलं स्वप्नसुद्धा संपूर्ण ऐकवायची, मध्ये शिंकायलाही सवड द्यायची नाही. आता?

"कशी आहेस गो?"

"ठीक."

"जेवलीस?"

"हो."

"शाळा काय म्हणते?"

"ठीक."

आणि पडद्यावर तिचं अर्धं कपाळ. मला धास्ती एवढीच वाटायची, की या 'ठीक'चं एक दिवस 'ओके' होईल, आणि मग तेही बंद पडेल. आजी म्हणजे रविवारी उरकायचं एक काम, बस्स.

एका रविवारी मात्र पोर रडवेली होऊन समोर आली. झालं होतं असं. तिच्या वर्गात सगळे गावच्या बास्केटबॉलच्या संघाचे वेडे. डब्याच्या सुट्टीत टेबलावर दुसरा विषय नाही. ही आपली गप्प बसून घास चावणार. म्हणून तिने वाढदिवसाला बापाकडे हट्ट धरला, आणि बापाने सगळे सामने दाखवणारी वर्षाची वर्गणी भरून टाकली. आता देशातला हरएक संघ हिच्या टीव्हीवर दिसत होता. फक्त हिच्या गावचा सोडून.

"आजी, पुलाच्या पलीकडे मॅच चालू आहे, आणि आमच्याकडे काळा पडदा! वर लिहून येतं, तुमच्या भागात उपलब्ध नाही. इट्स सो अनफेअर!"

कित्येक महिन्यांत तिने माझ्याशी बोललेलं हे सर्वांत लांब वाक्य. मी मनातून त्या काळ्या पडद्याला नमस्कार केला.

मागून मुलगा म्हणाला, "आई, माझीच चूक. हे पॅकेज गाव सोडून लांब राहणाऱ्यांसाठी असतं, त्यांना आपला संघ बघता यावा म्हणून. गावात राहणाऱ्यांनी गावची वाहिनी घ्यायची. तिचे हक्क वेगळे. आणि ती आमच्या इमारतीत अजून येत नाही."

"म्हणजे आपल्या हापूससारखंच की," मी म्हटलं. "चांगल्या पेट्या मुंबईला नि दुबईला, आणि बागवाल्याच्या घरात डागी आंबा."

नात हसली नाही, पण कपाळाच्या जागी आख्खा चेहरा आला.

"मग गो," मी विचारलं, "इकडे रत्नागिरीत दिसेल का तुझा संघ?"

"आजी, तू तर जगातली सगळ्यात बाहेरगावची आहेस!"

मला आजवर बरंच काही म्हटलं गेलंय, पण इतक्या आशेने कुणी काही म्हटलं नव्हतं.

वर्गणी भरायला मी दुसऱ्याच दिवशी बसले. चष्मा सापडेपर्यंत ओटीपी शिळा व्हायचा, आणि नवा ओटीपी येईपर्यंत चष्मा परत हरवायचा. शेवटी तो डोक्यावरच होता. पण भरली एकदाची. नातीने फर्मान काढलं, "आजी, तू बघ आणि मला सगळं सांग. स्कोअर माझ्या फोनवर येतो. पण नुसता स्कोअर कळून काय करू? कोण कसं पडलं, कोण कुणावर चिडलं, ते हवंय. उद्या टेबलावर तेच बोलतात."

पहिल्या दिवशी मी हुशारी करून फोनच टीव्हीसमोर धरला. तिला आमची ट्यूबलाइट आणि मध्येच आलेलं आजोबांचं टक्कल तेवढं दिसलं. मग ठरलं, तोंडानेच सांगायचं. तिने एवढंच बजावलं होतं, की आपला रंग निळा. मी लागले ओरडायला. "आला, आला निळा! त्या उंच मेल्याला चकवलान्! टाकलान्! शाब्बास रे!" अशी मी चांगली घसा बसेपर्यंत ओरडले असेन.

"आजी, थांब जरा," नात म्हणाली. "तू शाब्बास म्हणतेस ना, तेव्हा त्यांचे पॉइंट वाढतात."

"तुझा फोन बिघडलाय."

"आजी... आपले आज पांढऱ्यात खेळतायत. इथे लिहिलंय."

पडवीतला पेपर खाली पडल्याचा आवाज आला आणि हे आत धावले. मी हातांनी खुणा केल्या, डोळे वटारले, काही उपयोग नाही. "अगो, हिची खोड जुनी आहे!" फोनवर ओणवे होऊन म्हणाले. "विचार तिला, चिपळूणच्या मॅचमध्ये काय केलं होतंन्!" आणि सगळं सांगून मोकळे झाले. रिबिनीच्या फुलासकट.

पलीकडून असा काही खदखदा हसण्याचा आवाज आला, की मला वाटलं फोनमध्ये दुसरंच कुणी आहे.

"आजी, तू सेलिब्रेटपण केलंस?"

"आख्खी फेरी मारलीन्," हे म्हणाले. "मी मोजायला होतो ना."

हसू ओसरल्यावर ती हळूच म्हणाली, "माझ्याकडे पण बॉल आला ना आजी, की मी पटकन दुसऱ्याला देऊन टाकते. टाकतच नाही कधी. चुकला तर सगळे हसतील."

"हसू देत," मी म्हटलं. "मला हसले तेवढं काही हसणार नाहीत तुला. तो मान घरात एकदाच मिळतो."

ती 'ठीक' म्हणाली नाही.

त्यानंतर आमचं बस्तान बसलं. माझ्याकडचं चित्र थोडं मागून यायचं, तिच्या फोनवरचा आकडा आधी बदलायचा. म्हणजे तिला निकाल ठाऊक आणि मला गोष्ट. "आजी, आता दोन येणार बघ," ती म्हणायची, आणि मी ते दोन कसे आले ते सांगायची. खेळातले इंग्रजी शब्द मला येत नव्हते, म्हणून मी आमच्या आंब्याच्या बागेतले वापरले. त्या कड्याला लटकणारी जाळी बघितली की मला आमचा झेलाच आठवतो. लांब काठी, टोकाला पातं आणि जाळी. आंबा देठासकट कापून अलगद जाळीत उतरवायचा. देठ तुटला की चीक ओघळतो, आंबा डागी होतो. त्यामुळे चेंडू कड्याला न लागता सरळ आत गेला, की मी ओरडायची, "देठासकट!" कड्यावर आपटून, घुटमळून कसाबसा आत पडला, की "डागी, पण पेटीत गेला!" ती दुसऱ्या दिवशी हे शब्द टेबलावर घेऊन जायची. एक मुलगी तिला विचारत होती म्हणे, की तुझी आजी प्रशिक्षक होती का? नात म्हणाली, "मी हो म्हटलं." असो. एवढी थाप आमच्या रक्तातच आहे.

फाल्गुन लागला, कलमांवर कैऱ्या भरल्या, आणि मुलाचा फोन आला. "आई, गावची वाहिनी आली आमच्या इमारतीत. आता तिला सगळं घरीच दिसेल. तू उगाच पहाटे उठू नकोस. वर्गणीही बंद कर."

किती आनंदाने सांगत होता! मीही म्हटलं, "बरं झालं रे बाबा, सुटले." आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला टीव्ही लावून बसले. फोन शेजारी ठेवला. वाजला नाही. पुढच्या मॅचलाही नाही. माझ्या समोर कुणी देठासकट टाकत होतं, पण सांगायचं कुणाला? मी गप्प राहून बघायची आणि हे पेपरची घडी उगाच पुन्हा पुन्हा घालायचे.

"बंद करू या का हे?" मी विचारलं.

"कशाला?" हे दचकलेच. "म्हणजे... आपल्या संघातल्या त्या लांब हातवाल्याचा मुरगळलेला घोटा बरा झाला की नाही, ते तरी कळू दे."

तेवढ्यात आंबा काढणीला आला आणि मला टीव्हीपुढे बसायला फुरसत उरली नाही. शिवाय तिकडच्या लोकांनी घड्याळं तासभर पुढे सरकवली, त्यामुळे मॅच आमच्याकडे पहाटेच सुरू होऊ लागली. उन्हं चढायच्या आत बागेत पोचायला हवं. गडी कलमावर चढलेला, हातात झेला, आणि मी खाली क्रेटपाशी पेंढा पसरून आंबे लावत बसलेली. अशी एका सकाळी बसले असताना फोन वाजला.

"आजी, टीव्ही लावलास?"

"अगो, बागेत आहे मी. आंबे काढतोय. तुझ्याकडे दिसतंय ना आता?"

"दिसतंय. पण इथे जे बोलतात ना, ते बोअर आहेत. नुसते आकडे सांगतात." मग पुढे म्हणाली, "मला वाटलं, बाबा म्हणाले म्हणून तू बघायचं बंद केलंस. तुला झोपायचं असेल."

"मला झोपायचंय असं सांगितलान् होय त्याने? बघते त्याच्याकडे."

"मग आज मी सांगते. तू ऐक. आत्ताच मध्यंतर झालं. बाजू बदलल्यायत, आजी. लक्षात ठेव!"

मी फोन मोठ्या आवाजावर करून क्रेटच्या कडेला टेकवला. आणि पोर बोलायला लागली. मोडकंतोडकं, लिंग-वचनाचा पार चिवडा, मध्येच इंग्रजी, पण न थांबता. कोण घसरला, कोण पंचांशी भांडला, लांब हातवाला लंगडत का होईना पण आला. "आणि देठासकट, आजी! देठासकट!" हे ती इतक्या जोरात किंचाळली, की वर कलमावरचा गडी हात थांबवून आपल्या झेल्यात वाकून बघायला लागला.

मॅच हरले आमचे. शेवटचा चेंडू डागीही नव्हता, सरळ खाली पडला. पण ती फोन ठेवीना.

"आजी, अजून एक. काल शाळेत मी टाकला."

माझ्या हातातला आंबा हातातच राहिला. "गेला?"

"गेला. डागी होता, पण गेला."

"कुठल्या बाजूला गो?"

"बरोबर बाजूला. मी आधी विचारून घेतलं."

मी उठले, गुडघ्यांची पर्वा न करता दोन्ही हात वर केले आणि त्या कलमाभोवती एक आख्खी फेरी मारली. वरून गडी काळजीने विचारतोय, "काय झालं आजी, लाल मुंग्या चावल्या काय?"